काळ्या खिडकीत कोण बसतं

जान्हवी घाडी दिवस मावळायच्या आत ऑफिसातून निघते, हे मरोळच्या त्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. का निघते, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात ती जरा रेंगाळायची, पण दिवाळी सरली की संध्याकाळच्या चहाआधीच तिची बॅग खांद्याला लागलेली असे. सकाळी मात्र झाडूपोछा करणाऱ्या मावशींच्याही आधी हजर. त्यामुळे कामचुकार म्हणायची कुणाची टाप नव्हती. कुणी म्हणे, घरी आई एकटी आहे. कुणी म्हणे, लग्नाचं बघतायत. जान्हवी दोन्हीला हसून मान डोलवी आणि विषय तिथेच संपे.

तिच्याबद्दल आणखीही एकदोन गोष्टी बोलल्या जात. ती घमेंडी आहे, ही त्यातली एक. नवीन आलेल्या माणसाने हस्तांदोलनासाठी हात पुढे करावा आणि जान्हवीने त्याच्या चेहऱ्याकडे बघत नुसतं ‘हॅलो’ म्हणावं, असं दोनतीनदा झालं होतं. हात कमरेच्या उंचीवर होता आणि कमरेच्या उंचीवरचं तिला दिसत नव्हतं, हे कुणाला कळणार? तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार होता. कडेकडून अंधार आत सरकत येत होता, आणि मधे उरलेला उजेडाचा गोल वर्षागणिक लहान होत होता. समोरच्या माणसाचं नाक दिसे, कान दिसत नसत. दिवेलागणीनंतर तर तो गोलही मळकट होई. घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. यावर औषध नाही, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. “पण तुम्ही काम थांबवू नका,” ते म्हणाले होते. “फक्त करायची पद्धत बदला. आणि ऑफिसात सांगा.”

पद्धत तिने बदलली. ऑफिसात सांगितलं नाही.

कारण आधीच्या कंपनीत तिने एक तमाशा पाहिला होता. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने पाठीचं दुखणं सांगितलं, तेव्हा सगळे कळवळले. ‘तू दमू नकोस रे’ म्हणत त्याचं एकेक काम दुसऱ्याकडे गेलं. वर्ष संपताना त्याच्याकडे कामच उरलं नाही, आणि मग काम नसलेल्या माणसाला कुणी कशाला ठेवेल? जान्हवीला तो कळवळा चांगला लक्षात राहिला होता.

तिचं काम होतं प्रोग्राम लिहिण्याचं. ही कंपनी इस्पितळांच्या औषध भांडारांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कुठलं औषध किती उरलं, कुणाची मुदत संपत आली, असा सगळा हिशोब त्यात असे. प्रोग्राम ज्यात लिहायचा त्या साधनाला एडिटर म्हणतात. या मंडळींचा जो एडिटर होता तो दोन तऱ्हांनी उघडायचा. एक तऱ्हा म्हणजे त्याची स्वतःची रंगीत खिडकी. तिच्यात बटणं, चित्रं, माउसने उघडणाऱ्या याद्या, मधेच उगवणाऱ्या प्रश्नांच्या पेट्या, सगळं काही. दुसरी तऱ्हा टर्मिनलमधली. तिथे चित्र नाही, बटण नाही, काळ्या पाटीवर नुसती अक्षरं. ऑफिसात तिला ‘काळी खिडकी’ म्हणायचे, आणि तिच्यात जान्हवी सोडून कुणी बसत नसे.

तिला तीच सोयीची होती. कारण जिथे नुसती अक्षरं असतात, तिथे ती वाचून दाखवणारा आवाज लावता येतो. जान्हवीच्या कानात कायम इअरफोन असत. लोकांना वाटे, बाई गाणी ऐकत काम करते. कानात असायचा एक यंत्राचा आवाज, जो ओळीमागून ओळ इतक्या भरभर वाचे की दुसऱ्या कुणाला तो कोंबडीचा कलकलाट वाटला असता. जान्हवीला त्यातला एकेक कंस कळायचा. रंगीत खिडकीतल्या चित्रांपुढे आणि पेट्यांपुढे मात्र तो आवाज गडबडून जाई, नाहीतर सरळ मुका होई.

टीममधल्या सगळ्यांच्या एडिटरला एकच सामायिक सेटिंग होतं. फाइल जतन करताना एडिटर विचारायचा, ‘हा बदल कोणत्या तक्रारीसाठी?’ आणि तक्रारीचा नंबर दिल्यावर पुढे जायचा. हा प्रश्न रंगीत खिडकीत पेटीत येई. काळ्या खिडकीत पेटी उघडायला जागाच नसते. म्हणून जान्हवीने रुजू झाल्यावर त्या सेटिंगमध्ये गुपचूप चार ओळी घातल्या होत्या. एडिटरने आधी बघायचं, आपण खिडकीत आहोत की नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर. खिडकी असेल तर पेटी, नसेल तर तळाच्या ओळीत साधा प्रश्न. कुणाला काही खुपलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

विचारलं ते मिहिरने, आणि तेही ओळी पुसून टाकल्यावर.

मिहिर टीममधला सगळ्यांत नवा आणि हुशार. त्याला पसारा सहन होत नसे. टेबल पुसायचा, कपाट लावायचा, तसं एके दिवशी त्याने ते सामायिक सेटिंग आवरायला घेतलं. जुन्या, निकामी वाटलेल्या ओळी काढल्या. प्रश्नाची पेटी छान गोल कोपऱ्यांची केली. पेटी उघडेपर्यंत एडिटरने थांबून राहावं, असंही लिहिलं. आणि बदलाखाली सगळ्यांना वाचता येईल अशी टीप टाकली, ‘टर्मिनलसाठीची तपासणी काढली. आजकाल काळ्या खिडकीत कोण बसतं?’ टीप सगळ्यांकडे गेली. जान्हवीने त्या दिवशी ती ऐकली नाही. रोज अशा पन्नास टिपा यायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवं सेटिंग सगळ्यांच्या एडिटरमध्ये आपोआप उतरलं, आणि लगेच मुलुंडच्या एका इस्पितळातून फोन आला. मुदत संपलेली औषधं त्यांच्या यादीत ‘चालू’ म्हणून दिसत होती. टीमची प्रमुख नीलम फोन ठेवून उठलीच.

“जान्हवी, हे तुझं आहे. सगळं बाजूला ठेव.”

जान्हवीला चूक सापडायला फार वेळ लागला नाही. तारखेची तुलना एका ठिकाणी उलटी झाली होती. तिने ओळ बदलली, कानाने दोनदा तपासली आणि जतन करायची कळ दाबली.

कानात शांतता.

तिने कळ पुन्हा दाबली. मग दुसरी दाबली. काहीच नाही. इअरफोन काढून फुंकला, पुन्हा घातला. एडिटर जणू मेला होता. तिने तो जबरदस्तीने बंद केला, नव्याने उघडला, ओळ पुन्हा बदलली, पुन्हा जतन केली. पुन्हा तीच शांतता. कुठल्यातरी न उघडणाऱ्या पेटीची वाट बघत एडिटर बसून होता, आणि तो कशाची वाट बघतोय हे सांगायलाही त्याला तोंड नव्हतं. 

“झालं का गं?” नीलमचा आवाज.

“होतंय. एक मिनिट.”

“इस्पितळवाले लाइनवर आहेत यार.”

शेवटी मिहिर त्याच्या टेबलावरून म्हणाला, “तू फक्त ओळ सांग ना, मी टाकतो.” तिने ओळ सांगितली. त्याने घातली, जतन केली, पाठवली. त्याच्याकडे गोल कोपऱ्यांची पेटी झकास उघडली. इस्पितळाचं काम भागलं. भांडारातल्या बाईने संशय येऊन आधीच वाटप थांबवलं होतं, म्हणून निभावलं. पण नीलमचं तोंड उतरलं होतं. तिने जान्हवीला काचेच्या खोलीत बोलावलं.

“चूक तुला सापडली ती दहा मिनिटांत. आणि टाकायला पाऊण तास? काय झालं काय?”

“एडिटर अडकला.”

“बाकी कुणाचा नाही अडकला. मिहिर म्हणतो, तू अजून त्या काळ्या खिडकीत काम करतेस म्हणून. का?”

“सवय आहे.”

“मग सवय सोड,” नीलम म्हणाली. ती वाईट बाई नव्हती, दमलेली होती. “मला उद्या पुन्हा असं नकोय, जान्हवी.”

जान्हवी बाहेर आली तर मिहिर तिच्या टेबलापाशी उभा. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. आपल्या आवराआवरीमुळे तिला बोलणी बसली, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

“सॉरी यार. चल, तुला खिडकीवाला लावून देतो. दोन मिनिटं. एकदा वापरलास ना, काळ्याकडे परत बघणार नाहीस.”

तिने नको म्हणायच्या आत त्याने स्टूल ओढलं, माउस हाती घेतला, आणि तिच्या पडद्यावर रंगीत खिडकी उघडली. बारीक अक्षरं, करड्या पाटीवर करडी. जान्हवीने डोळ्यांतला तो लहानसा गोल पडद्यावरून फिरवला. एक तुकडा दिसला, सरकला, गेला.

“आता कोपऱ्यात ते चाकाचं चित्र आहे ना, त्यावर दाब.”

कुठल्या कोपऱ्यात? तिने बाण वर नेला. उजवीकडे नेला.

“खाली गं. खाली, डाव्या बाजूला.”

बाण तिला सापडत नव्हता. आधी बाण शोधायचा, मग चाक शोधायचं, मग एकाला दुसऱ्यापर्यंत न्यायचं, आणि हे सगळं पैशाएवढ्या भोकातून बघत. तिने अंदाजाने दाबलं. काहीतरी भलतंच बंद झालं.

मिहिर हसला. “अगं, समोर तर आहे!”

 जान्हवीचा हात माउसवर तसाच राहिला. मिहिरचं हसू हळूहळू ओसरलं. त्याने एकदा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. काहीतरी चुकतंय एवढं त्याला कळलं, काय ते कळलं नाही.

“मला निघायला हवं,” ती म्हणाली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

दिंडोशीच्या म्हाडा वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर जान्हवी आणि तिची आई मालन अशा दोघीच राहायच्या. मालनबाई मूळच्या देवगडकडच्या. चाळीसएक वर्षं मुंबईत काढली तरी घरात मालवणीच बोलत. त्या रात्री जेवायला बसायच्या आधी जान्हवीने पाण्याचा तांब्या लवंडला. तांब्या तिच्या उजव्या हाताशी होता. पाणी पाटाखालून ओट्यापर्यंत गेलं.

मालनबाईंनी फडकं आणलं, पाणी टिपलं, आणि फडकं पिळता पिळता म्हणाल्या, “चष्म्याचो नंबर वाढलो, असा सांगलंस तू माका.”

“हो ना. वाढलाय.”

“जान्ह्या, आवशीक फसवू नको. नंबर वाढलेलो माणूस चष्मो लावता. तू खंय लावतंस?”

 मालनबाई फडकं तसंच हातात धरून समोर खाली बसल्या.

“तुका सांजवल्यावर दिसणा नाय. जिन्यार हात भितीक लावन येतंस तू. माका ठाऊक आसा. तुझ्या बापाशीचा असाच होता.”

“काय असंच होतं?”

“काळोख पडलो की दिसत नाय होता तेका.”

जान्हवीचे वडील, नंदकुमार घाडी, परळच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे होते. ती कॉलेजात असताना ते गेले. त्यांच्याबद्दल नातेवाइकांत एकच गोष्ट सांगितली जाई, नि तीही हसत हसत, की नंदूने जन्मात रात्रपाळी केली नाही. मुकादमाच्या पाया पडेल, पगार कापून घेईल, पण अंधार पडला की घरात. बायकोच्या पदराला धरून बसणारा, असं म्हणत. जान्हवीने लहानपणापासून ते ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर मानलंही होतं.

“रात्रपाळी करी नाय म्हणान कामावरसून काढल्यानी तेका,” मालनबाई म्हणाल्या. “गिरण्यांच्या संपाच्या आधीच. मगे जोगेश्वरीक बेकरीत दिवसाचा काम धरल्यान.”

“मग सांगितलं का नाही त्यांनी कुणाला? डॉक्टरला तरी?”

“माका शपथ घातल्यान. कोणाक सांगू नको म्हणालो. मिया सांगूक नाय. तुझ्या काकांका नाय, माझ्या आवशीक नाय. कामचुकार म्हटलेला तेका चालला, आंधळो म्हटलेला नाय.”

घरात पंखा फिरत होता. जान्हवीला वडील आठवले. संध्याकाळी ते दारापाशी खुर्ची टाकून बसत आणि कुणी बोलावलं तरी उठत नसत. ‘बाबा, चल ना चौपाटीला’ म्हणून ती रडली होती, त्यांनी तिला ओरडून गप्प केलं होतं. आता तिला त्या ओरडण्यातली भीती ऐकू आली. 

“आई, मी तुला सांगायला पाहिजे होतं.”

“होय, सांगूक होया होता.” मालनबाईंचा आवाज एकदम चढला. “मिया काय परकी? डॉक्टराकडे एकटी गेलंस? गाडयेत पडलंस-बिडलंस तर माका कोण सांगतला?” मग फडकं बादलीत आपटून त्या उठल्या. “जेव आता. आमटी निवली.”

जेवताना जान्हवीने सगळं सांगितलं. पडद्याचा आजार, कानातला आवाज, आजचा दुपारचा प्रकार. मालनबाईंना एडिटर कळला नाही, टर्मिनल कळलं नाही. एवढं कळलं की मुलगी कानाने काम करते आणि कुणीतरी तिचा कान बंद केला. “त्या झीलाक ठाऊक होता?” त्यांनी विचारलं. नाही, जान्हवी म्हणाली. मिहिरला काहीच ठाऊक नव्हतं. “मगे तेचो काय दोष?” म्हणून मालनबाईंनी तिच्या ताटात भात वाढला.

सकाळी ऑफिसात पोचल्यावर जान्हवीने परवाच्या टिपा कानाला लावल्या. मिहिरचा तो प्रश्न तिने पहिल्यांदा ऐकला. यंत्राचा सपाट आवाज म्हणाला, आजकाल काळ्या खिडकीत कोण बसतं. तिने तो पुन्हा एकदा ऐकला. त्याखाली उत्तराची जागा मोकळी होती. तिथे लिहिलेलं नीलम वाचणार, सगळी टीम वाचणार. तिची बोटं कळांवर थांबली. काय लिहावं याच्या तीन आवृत्त्या तिने मनात केल्या. एकीत सवयीचा उल्लेख होता, एकीत वेग वाढतो वगैरे तांत्रिक कारण होतं. शेवटी तिने त्या सोडून दिल्या आणि लिहिलं:

‘मी बसते. मला रंगीत खिडकीतलं दिसत नाही. डोळ्यांचा आजार आहे, हळूहळू वाढणारा. टर्मिनलमधली अक्षरं मला आवाजात ऐकू येतात. त्या चार ओळी काढल्यामुळे काल माझा एडिटर मुका झाला. कृपया परत घालाव्यात.’

पाठवलं, आणि कुणी यायच्या आत उठून कँटीनमध्ये जाऊन बसली. चहा तिने घेतला, पण प्यायली नाही.

सगळ्यांत आधी नीलम आली. समोरची खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, “मला आधी सांगायला हवं होतंस.”

“हो.”

“मी काल तुला सवय सोड म्हणाले.”

“तुला माहीत नव्हतं.”

“तेच म्हणतेय ना मी!” नीलमला रागही आला होता आणि रडूही. “दोन वर्षं माझ्यासमोर बसतेस. मला वाटायचं तुला घरी जायची घाई असते. मी तुझ्या मूल्यमापनात लिहिलंय तसं.” तिने खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं. “अंधाराचं आहे का ते?”

जान्हवीने मान हलवली.

“बरं,” नीलम म्हणाली. “ते मी आज बदलते.” मग काय करावं हे न सुचून तिने जान्हवीचा गार झालेला चहा उचलला आणि नवा आणायला गेली.

मिहिरचं वेगळंच. जान्हवी जागेवर परतल्यावर तो तिच्या टेबलाकडे आला, आणि लांबच उभा राहिला. काल हसल्याची लाज त्याच्या आवाजात होती.

“ओळी परत टाकल्यात,” तो म्हणाला. “सॉरी. कालचं... मी हसलो ते.”

“चालतं रे. समोर तर होतं ना!”

तिला वाटलं होतं तो हसेल. तो हसला नाही. “मला ऐकवशील? तू काय ऐकतेस ते?”

तिने एक इअरफोन त्याला दिला. दोन सेकंदांत त्याने कानातून काढला. “हे कळतं तुला?”

“तुला काय कळलं?”

“कुणीतरी माझ्यावर ओरडतंय एवढं.”

आता ती हसली. त्याने स्टूल ओढलं. ओळी परत आल्यात का बघू म्हणून तिने फाइल जतन केली.

कानात शांतता.

दोघांनाही कळेना. ओळी होत्या, जशाच्या तशा होत्या. मिहिरचा चेहरा पडला. “मी नीट घातल्यात, शपथ.” जान्हवीने एडिटर बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा तेच. मग मिहिर पडद्याकडे बघत म्हणाला, “अगं, ही पेटी तर इथे उघडलीय. मी काल लावून दिलेल्या रंगीत खिडकीत. ती मागे उघडीच आहे.”

जान्हवीच्या लक्षात आलं आणि तिने कपाळाला हात लावला. दोष मिहिरच्या ओळींत नव्हता, तिच्या स्वतःच्या ओळींत होता. एडिटर एकच, पण त्याला एकाच वेळी दोन तोंडं असू शकतात, एक खिडकीतलं आणि एक टर्मिनलमधलं. तिने लिहिलेली तपासणी एडिटर सुरू होताना एकदाच बघायची आणि तेवढ्यावर विसंबायची. कालची खिडकी मागे उघडी होती. तिने बंद केलं ते फक्त टर्मिनलमधलं तोंड. एडिटर स्वतः चालूच राहिला होता, आणि त्याने आपण खिडकीत आहोत असं धरून ठेवलं होतं.

“म्हणजे हे पहिल्यापासून चुकीचं होतं,” मिहिर म्हणाला. “तू कधी खिडकी उघडलीच नाहीस म्हणून चाललं.”

“हो. माझीच वाट लागली असती कधीतरी.”

“मग सुरुवातीला विचारायचंच नाही. प्रश्न टाकायच्या क्षणी बघायचं, कळ कुठून दाबली ते. आणि तिथेच विचारायचं.”

“आणि पेटी उघडली नाही तर थांबून नाही राहायचं.”

“ते तर मी लिहिलेलं. तो मूर्खपणा आधी काढतो.”

जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोघं बसली होती. ती ओळी सांगत होती, तो उलटे प्रश्न विचारत होता. एकदा तर त्याने तिचं म्हणणं खोडूनही काढलं, आणि ते बरोबर होतं. जान्हवीला त्यात विलक्षण बरं वाटलं. कळवळ्याने कुणी कुणाला खोडत नाही. शेवटी तिने जतनाची कळ दाबली आणि तळाच्या ओळीतून आवाज आला, ‘हा बदल कोणत्या तक्रारीसाठी?’ मिहिरनेही तेव्हा एक इअरफोन कानात घातला होता. त्याला तेवढं वाक्य कळलं. आनंदाने त्याने टेबलावर थाप मारली, आणि आजूबाजूचे वळून बघू लागले.

पुढे सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. पुढच्याच आठवड्यात बोरिवलीच्या एका इस्पितळातल्या बैठकीला नीलमने जान्हवीऐवजी दुसऱ्याला पाठवलं, ‘तुला त्रास नको म्हणून’. जान्हवीला आधीच्या कंपनीतला तो मुलगा आठवला. या वेळी ती गप्प बसली नाही. काचेच्या खोलीत जाऊन म्हणाली, “नीलम, मला त्रास होईल की नाही, ते मला विचारून ठरव. मला जायचं होतं.” नीलम ओशाळली, मग चिडली, मग कबूल झाली. नंतरच्या बैठकीला जान्हवी गेली, तिथल्या काचेच्या दारावर धडकली, कपाळाला टेंगूळ आलं आणि बैठक उत्तम झाली. ऑफिसातल्या दोघातिघांनी तिच्याशी मोठ्याने बोलायला सुरुवात केली, जणू तिला ऐकू येत नाही. त्यांना तिने सुधारायचं सोडून दिलं. घरी मालनबाईंनी देवगडला दिराला फोन लावला आणि नंदकुमारचं खरं काय ते सांगून टाकलं. बोलताना त्या रडल्या, आणि फोन ठेवल्यावर दिराच्या नावाने बोटं मोडली.

डिसेंबरात एकदा काम लांबलं. कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं, उलट मिहिर दोनदा म्हणाला, जा तू. पण चूक तिला सापडत आली होती, आणि हातातोंडाशी आलेलं टाकून जाणं तिच्या जिवावर आलं. काम संपलं तेव्हा बाहेर पुरता अंधार झाला होता. फाटकाबाहेरचा रस्ता कसल्यातरी नळासाठी खणलेला. मिहिरने पुढे होऊन तिचा दंड धरला.

“तू नको धरूस रे,” ती म्हणाली. “तू पुढे चाल. मी तुझा कोपर धरते.”

मिहिर चालू लागला. आधी फार भरभर, मग फार हळू. प्रत्येक दगडापाशी थांबून तो ‘इथे दगड आहे’ म्हणे. “मिहिर,” ती म्हणाली, “तुझा कोपर खाली गेला की मला पायरी कळते. तू नुसता चाल.” मग त्याला जमलं. खणलेल्या मातीच्या ढिगाला वळसा घालून ती दोघं बस थांब्यावर आली.

“थांबू का बस येईपर्यंत?” मिहिरने विचारलं.

“नको. पुढचं मी बघते.”

तो गेला. थांब्यावर आणखी चारपाच माणसं असावीत. तिला आवाज येत होते, कुणाचे चेहरे दिसत नव्हते. इतकी वर्षं ती दिवसाउजेडी यायची, नंबर वाचायची, बसायची. आता समोर एक बस येऊन उभी राहिली. तिच्यासाठी ते पिवळ्या दिव्यांचं एक धुकं होतं. जान्हवीने शेजारच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“मला दिसत नाही,” ती म्हणाली. “ही दिंडोशीला जाते का?”

“नाय, ही सीप्झची,” एक बाईचा आवाज म्हणाला. “दिंडोशीची मागे उभी आहे. या, मी पण त्यातच चाललेय.”